स्तन कर्करोग तपासणी मोहीम: कामगिरी मोजायची कशी? तालुक्यात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

एनसीडी (असंसर्गजन्य आजार) कक्षात नव्याने रुजू झालात, किंवा एखाद्या संस्थेतर्फे तालुक्यातल्या स्तन कर्करोग तपासणीचं काम तुमच्याकडे आलं, की पहिल्याच बैठकीत एक प्रश्न येतो: "किती बायका तपासल्या?" उत्तर सोपं असतं, म्हणून सगळा अहवाल त्याच आकड्याभोवती फिरत राहतो. पण नुसत्या तपासणीने कुणाचा जीव वाचत नाही. गाठ वेळेत सापडली, बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी) झाली, उपचार सुरू झाले आणि ते पुरे झाले, तरच वाचतो. या वाटेवर किती बायका पुढे गेल्या आणि किती कुठे अडकल्या, तो हिशोब म्हणजे मोहिमेची कामगिरी. जिल्हा आणि तालुका पातळीवर हे काम करताना जे शिकलो ते क्रमाने मांडतो आहे.

आधी आपली पार्श्वभूमी. भारतात असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने स्तन तपासणी अपेक्षित आहे, आणि ती करतात उपकेंद्रावरच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), आरोग्य सेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी. आपल्याकडे सगळ्यांची मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) होत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण इंटरनेटवर मिळणारे बहुतेक निकष मॅमोग्राफीचे आहेत. इंग्लंडमध्ये १९८८ पासून असा कार्यक्रम आहे; आता तिथे ५० ते ७० वयाच्या स्त्रियांना दर तीन वर्षांनी मॅमोग्राफीसाठी पत्र जातं. तिथले उद्दिष्टांचे आकडे उचलून आपल्या तक्त्यात चिकटवले तर सगळंच चुकीचं दिसेल.

काय काय हाताशी लागेल

- आशाताईंनी भरलेले सीबॅक फॉर्म (आजारांच्या जोखमीची घरोघरी भरायची प्रश्नावली) आणि कुटुंब सर्वेक्षणाची यादी
- एनसीडी पोर्टलवरची लाभार्थ्यांची नावनिहाय यादी (नुसती बेरीज नको)
- उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातलं तपासणी रजिस्टर, रेफरल चिठ्ठ्यांची स्थळप्रत
- ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयातली सोनोग्राफी, मॅमोग्राफी व बायोप्सीची रजिस्टरं
- पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्डांच्या प्रती
- महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार झाले असल्यास मंजुरीच्या तारखा
- ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची मृत्यू नोंद
- एक्सेल किंवा लिब्रेऑफिस. यापेक्षा भारी सॉफ्टवेअर लागत नाही.

नावांची यादी हाती घेण्याआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या आणि फाइलला पासवर्ड लावा. ही यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही टाकू नका. गावात एखादीला "गाठ आहे" अशी बातमी पसरली तर ती पुढच्या तपासणीला जाणं टाळते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

१. छेद आधी ठरवा

टक्केवारी काढताना अंशाकडे सगळे बघतात, छेदाकडे कुणी बघत नाही. "९२ टक्के तपासणी पूर्ण" असं लिहिलेलं असतं, पण ९२ टक्के कशाच्या? लोकसंख्येला ठरावीक टक्केवारीने गुणून काढलेल्या उद्दिष्टाच्या, पोर्टलवर नोंद झालेल्यांच्या, की गावात खरोखर राहणाऱ्या ३० ते ६५ वयाच्या बायकांच्या? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात. छेद म्हणून सर्वेक्षणातली नावनिहाय यादी धरा आणि ती वर्षातून एकदा आशाताईंसोबत बसून ताजी करा.

बीड किंवा अहिल्यानगरच्या ऊसतोडीच्या गावांत ही गोष्ट जास्तच महत्त्वाची. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या बायकांना यादीतून वगळलं की टक्केवारी छान दिसते, पण ज्यांच्यापर्यंत पोचणं सर्वांत गरजेचं त्याच हिशोबातून गेल्या. त्यांना यादीत ठेवा, शेजारी "स्थलांतरित" लिहा आणि त्या गावांतली तपासणी पावसाळ्यात लावा.

छेद वयोगटानुसार फोडा: ३० ते ३९, ४० ते ४९, ५० ते ६५. हे मी आग्रहाने सांगतो. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मुंबईत १९९८ साली सुरू केलेल्या अभ्यासात ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त स्त्रिया होत्या. निम्म्या गटात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २० वर्षांनंतर पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत स्तन कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पन्नाशीच्या आत मात्र तसा ठोस फरक आढळला नाही. आणि आपल्या रजिस्टरमध्ये कोण असतं? लसीकरणाच्या दिवशी बाळ घेऊन आलेल्या तिशीतल्या आया. त्यांची तपासणी करू नये असं नाही, पण एकूण टक्केवारी ७० आणि पन्नाशीच्या पुढची २० असेल, तर ज्या वयात तपासणीचा फायदा दिसला तेच वय सुटतंय. वयोगट फोडल्याशिवाय हे कळत नाही.

२. "तपासणी झाली" म्हणजे काय, ते लिहून ठेवा

सीबॅक फॉर्ममध्ये स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येतो का, आकारात बदल झाला आहे का, असे प्रश्न असतात. हे विचारणं म्हणजे तपासणी नव्हे. बऱ्याच ठिकाणी तिन्ही उत्तरं "नाही" आली की पोर्टलवर "तपासणी: नॉर्मल" अशी खूण होते. म्हणून सुरुवातीलाच एका ओळीत व्याख्या लिहा: प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीने, आडोशाच्या जागी, दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा हाताने तपासल्या, तरच तपासणी झाली असं धरायचं.

पडताळणी अवघड नाही. प्रत्येक उपकेंद्राच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून काही नावं काढा आणि दुसऱ्या गावच्या आरोग्य सेविकेला घरी पाठवून एवढंच विचारायला सांगा: "ताई, कुणी हाताने तपासलं होतं का? कुठे?" राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानेही असंच थेट बायकांना विचारलं होतं. २०१९–२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अवघ्या ०.९ टक्के जणींनी स्तन तपासणी कधीतरी झाल्याचं सांगितलं. रजिस्टर आणि बाईचं उत्तर जुळत नसेल, तर पुढचं काहीही मोजण्यात अर्थ नाही.

त्याच भेटीत उपकेंद्रावर पडदा आहे का आणि दार आतून लागतं का, तेही बघायला सांगा.

३. एक बाई, एक ओळ

एकाच बाईची शिबिरात एकदा, उपकेंद्रावर एकदा आणि महिला दिनी तिसऱ्यांदा तपासणी झाली की रजिस्टरमध्ये तीन बायका दिसतात. तपासण्या मोजू नका, बायका मोजा. त्यासाठी नावनिहाय यादीत प्रत्येकीची एकच ओळ ठेवायची.

वेगवेगळ्या रजिस्टरांतल्या नोंदींची जोडणी करताना नावाने घात होतो. आधारवर "लक्ष्मीबाई", रेशनकार्डावर "लक्ष्मी", गावात "अक्का". मोबाइल नंबर पुण्यात कामाला असलेल्या मुलाचा. म्हणून आभा (डिजिटल आरोग्य खात्याचा) क्रमांक असेल तर तो, नसेल तर गाव, वय आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव अशी तीन-चार माहिती मिळून ओळख पटवा.

ओळीत तारखा हव्यात. "रेफर केले", "मोठ्या दवाखान्यात पाठवले" असा शेरा असलेला रकाना मोजणीच्या काही कामाचा नसतो. हे रकाने करा: तपासणीची तारीख, निकाल, रुग्णालयात पोचल्याची तारीख, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीची तारीख, बायोप्सीची तारीख, पॅथॉलॉजी रिपोर्टची तारीख, कर्करोग आहे की नाही, टप्पा, उपचार सुरू झाल्याची तारीख, उपचार पूर्ण झाल्याची तारीख. निदानाची तारीख म्हणजे पॅथॉलॉजी रिपोर्टची. सोनोग्राफीत "संशयास्पद" आलं ती नव्हे.

आणखी एक रकाना हमखास विसरला जातो: "स्वतः तक्रार घेऊन आली." जिला गाठ जाणवली म्हणून ती दवाखान्यात आली, तिचं निदान तपासणी मोहिमेच्या खात्यात जात नाही. तिला मदत करायचीच, पण मोजताना वेगळं ठेवायचं. हे दोन गट मिसळले की मोहीम आहे त्यापेक्षा कितीतरी प्रभावी दिसते.

४. संशयितांचं प्रमाण पाहा

इथे केरळच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यातला अभ्यास फार उपयोगी पडतो. २००६ मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासात ३० ते ६९ वयाच्या ५०,३६६ स्त्रियांची हाताने तपासणी झाली. २,८८० जणींमध्ये काहीतरी संशयास्पद आढळलं आणि त्यातल्या ३० जणींना कर्करोग निघाला. आता आकडेमोड करू:

संशयितांचं प्रमाण: २,८८० भागिले ५०,३६६, म्हणजे ५.७ टक्के.
संशयितांपैकी खरा कर्करोग: ३० भागिले २,८८०, म्हणजे साधारण १ टक्का. एका कर्करोगामागे ९६ जणींना पुढच्या तपासणीला जावं लागलं.
सापडण्याचा दर: हजार तपासण्यांमागे ०.६.

हे आकडे म्हणजे आपलं उद्दिष्ट नव्हे, पण अंदाज यायला उत्तम. एखाद्या उपकेंद्रावर १,२०० बायका तपासल्या आणि संशयित शून्य, तर ती चांगली बातमी मानू नका. बहुधा हाताने तपासणी झालेलीच नाही, किंवा संशयित दाखवला की पाठपुरावा मागे लागतो म्हणून सगळं "नॉर्मल" लिहिलं गेलंय. उलट प्रमाण १५ टक्क्यांवर गेलं, तर नैसर्गिक गाठाळपणा आणि खरी गाठ यांतला फरक हाताला कळत नाही. पुन्हा प्रशिक्षण लागेल. जास्त पाठवणं निरुपद्रवी आहे असंही समजू नका. प्रत्येक बाईची मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, आणि रिपोर्ट येईपर्यंत घरातल्या कुणाला धड झोप लागत नाही. तिरुवनंतपुरमच्या २,८८० पैकी २,८५० जणींना कर्करोग नव्हता. ही बाजूही अहवालात यायला हवी.

सापडण्याच्या दराबाबत एक सावधगिरी. हजारी ०.६ धरला, तर ३,००० बायका तपासणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राला जेमतेम दोन कर्करोग सापडतील. कधी शून्य, कधी चार. त्यावरून "हे केंद्र चांगलं, ते वाईट" ठरवणं अन्याय आहे. हा दर जिल्हा पातळीवर आणि दोन-तीन वर्षांची बेरीज करूनच वापरा. केंद्रांची तुलना करायची तर संशयितांचं प्रमाण आणि पुढचा मुद्दा, म्हणजे गळती (वाटेत सुटलेल्या बायका), यांवर करा.

५. गळती मोजा: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

महिन्याच्या अहवालात असं दिसतं: मार्चमध्ये संशयित ४०, मार्चमध्ये बायोप्सी २२. म्हणजे ५५ टक्के? नाही. मार्चच्या त्या २२ जणी जानेवारीत किंवा डिसेंबरात सापडलेल्या असू शकतात, आणि मार्चच्या ४० पैकी एकीचीही बायोप्सी झालेली नसेल. महिन्याचा अंश आणि महिन्याचा छेद वेगवेगळ्या बायकांचा असतो. दुर्दैवाने बरेचसे तक्ते याच पद्धतीने भरले जातात.

योग्य पद्धत अशी: जानेवारी ते मार्चमध्ये संशयित ठरलेल्या बायकांचा एक गट धरा आणि त्याच बायकांचं जूनअखेर काय झालं ते बघा. गट बदलायचा नाही. त्यांतल्या किती जणी रुग्णालयात पोचल्या, किती जणींची सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी झाली, गरज असलेल्या किती जणींची बायोप्सी झाली, किती जणींना रिपोर्ट प्रत्यक्ष हातात मिळाला, कर्करोग निघालेल्या किती जणींचे उपचार सुरू झाले. प्रत्येक पायरीवर गळलेल्यांची नावं वेगळ्या पानावर काढा.

कालावधीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या स्तन कर्करोग उपक्रमात तीन सोपे मापदंड दिले आहेत: ६० टक्क्यांहून जास्त कर्करोगांचं निदान पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात व्हावं, बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावं, आणि निदान झालेल्यांपैकी ८० टक्के जणींचे उपचार पूर्ण व्हावेत. आपल्या तालुक्यासाठी हेच धरा. दिवसांची सरासरी काढू नका. एकीला ३०० दिवस लागले की सरासरी बिघडते. मध्यक (दिवस चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा) काढा, आणि ६० दिवसांच्या आत किती टक्के जणींचं निदान झालं ते लिहा.

गळती कुठे होते यावरून उपाय ठरतो. बायका रुग्णालयात पोचतच नसतील, तर गाडीची सोय आणि सोबत जाणारी आशाताई लागते. पोचल्या पण सोनोग्राफी नाही, तर रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून कुठल्या वारी येतात ते उपकेंद्राच्या भिंतीवर लिहून लावा. बायोप्सी झाली आणि रिपोर्ट घ्यायला कुणी आलं नाही, असंही होतं. अशा वेळी रिपोर्ट थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात कसा येईल हे जिल्हा रुग्णालयाशी बोलून ठरवावं लागतं. उपचार सुरू होऊन मध्येच सुटणं सर्वांत चटका लावणारं. शस्त्रक्रिया एका गावी, केमो दुसरीकडे, रेडिएशनसाठी तिसऱ्या शहरात महिना-दीड महिना राहायचं, आणि घरी जनावरं कोण बघणार, पोरांचं जेवण कोण करणार? "पेशंट फॉलोअपला आला नाही" एवढंच लिहून विषय संपवू नका. कारणाचा रकाना ठेवा आणि बाईच्या शब्दांत कारण लिहा.

६. तपासणीतून निसटलेल्या शोधा

"नॉर्मल" सांगितलेल्या बाईला काही महिन्यांनी कर्करोग निघाला, तर तो मोहिमेतून निसटलेला कर्करोग. तिरुवनंतपुरमच्या अभ्यासात हाताच्या तपासणीची संवेदनशीलता ५१.७ टक्के निघाली, म्हणजे ५८ कर्करोगांपैकी ३० सापडले आणि २८ निसटले. प्रशिक्षित हातांचं हे चित्र आहे. म्हणून बाईला "काही नाही, जा" असं सांगून पाठवायचं नसतं. "आज काही लागलं नाही, पण बदल जाणवला तर लगेच या" असं सांगायचं.

हे मोजायला वर्षातून एकदा रुग्णालयांतली निदान झालेल्यांची यादी आणि तुमची तपासलेल्यांची यादी जुळवा. मुंबई, पुणे, नागपूर आणि बार्शी इथे लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी आहे. तुमचा भाग त्यात येत असेल तर त्यांच्याकडे रीतसर विनंती करा. तपासणीनंतर किती काळापर्यंतचा कर्करोग "निसटलेला" धरायचा, एक वर्ष की दोन, ते आधीच लिहून ठेवा. आकडे पाहून नंतर ठरवलं तर हवं ते उत्तर काढता येतं.

७. टप्पा बघताना टक्केवारीवर थांबू नका

"पूर्वी ७० टक्के बायका पुढच्या टप्प्यात यायच्या, आता ५० टक्के येतात" हे वाक्य सगळ्यांना आवडतं. पुन्हा तिरुवनंतपुरमचे सुरुवातीच्या वर्षांचे आकडे घेऊ. तपासणी झालेल्या भागात लाख स्त्रियांमागे लवकरच्या टप्प्यातले कर्करोग १८.८ आणि पुढच्या टप्प्यातले १९.६. तपासणी न झालेल्या भागात लवकरचे ८.१ आणि पुढचे २१.७. टक्क्यांत मांडलं तर पुढच्या टप्प्याचं प्रमाण साधारण ७३ वरून ५१ वर आलं. पण लाखामागे पुढच्या टप्प्यातल्या बायका किती? २१.७ च्या जागी १९.६, फारसा फरक नाही. टक्केवारी घसरली ती मुख्यतः लवकरचे कर्करोग जास्त सापडल्यामुळे. मृत्यू कमी व्हायचे तर पुढच्या टप्प्यातल्या बायकांची प्रत्यक्ष संख्या घटावी लागते. म्हणून दोन्ही लिहा: टक्केवारी आणि लाखामागचा दर.

टप्प्याचा रकाना रिकामा राहतो ही नेहमीची अडचण. किमान गाठ किती सेंटिमीटरची होती आणि काखेत गाठी होत्या का, एवढं तरी डिस्चार्ज कार्डावरून उतरवून घ्या. "टप्पा माहीत नाही" हा गटही तक्त्यात दाखवा, तो वगळून टक्केवारी काढू नका.

८. जगण्याच्या वर्षांवरून यश सांगू नका

तपासणीत सापडलेल्या बायका निदानानंतर जास्त वर्षं जगतात, यावरून मोहीम यशस्वी ठरत नाही. समजा एका बाईचा आजार असा आहे की ती ६० व्या वर्षी जाणार. गाठ जाणवून ५७ व्या वर्षी निदान झालं, तर ती तीन वर्षं जगली. तपासणीत ५४ व्या वर्षी सापडलं, तर सहा वर्षं जगली. "पाच वर्षं जगलेल्या" रकान्यात ती आता मोजली जाईल, पण तिच्या आयुष्यात एक दिवसाचीही भर पडलेली नाही. शिवाय सावकाश वाढणाऱ्या गाठी तपासणीत जास्त सापडतात; त्या मुळातच कमी घातक असतात.

खरं माप मृत्युदराचं, आणि ते तालुका पातळीवर पाच वर्षांत दिसत नाही. मुंबईच्या अभ्यासाला दीड लाख स्त्रिया आणि २० वर्षं लागली. कुणी वर्षभरात "मृत्यू इतक्या टक्क्यांनी घटले" असं लिहून मागितलं तर नम्रपणे नकार द्या. मात्र मृत्यूची नोंद आजपासून ठेवा: गाव, वय, निदानाची तारीख, मृत्यूची तारीख, कारण.

९. अहवाल कसा द्यायचा

दर महिन्याला वैद्यकीय अधिकाऱ्यांना टक्केवारी देऊ नका, अडकलेल्या बायकांची नावं द्या. "अमुक गाव, बायोप्सी सुचवून ४२ दिवस झाले, अजून नाही" असं लिहिलं की फोन लागतो. दर तिमाहीला गळतीचा तक्ता, वर्षातून एकदा टप्पा आणि निसटलेल्यांचा हिशोब. आशाताईंच्या बैठकीत त्यांच्याच गावाचे आकडे त्यांना दाखवा. कुठली बाई का गेली नाही हे कुठल्याही पोर्टलपेक्षा त्यांना नेमकं माहीत असतं.

पहिल्या तिमाहीत गळतीच्या तक्त्यातल्या निम्म्या तारखा रिकाम्या असतील. अंदाजाने भरू नका. त्या चौकटी तशाच रिकाम्या दाखवा, कुठल्या रुग्णालयाच्या नोंदी मिळाल्या नाहीत ते शेजारी लिहा, आणि तो कागद घेऊन त्या रुग्णालयात जा.